मास्तरबाईंचा इंच

त्या वर्षी मास्तरबाईंनी अकरा टेपा हरवल्या. बारावी हरवली तेव्हा ती त्यांच्याच गळ्यात होती, आणि पाऊण तास सगळं दुकान ती शोधत होतं. इस्त्रीवाला टेबलाखाली शिरला होता, मालक चष्मा कपाळावर चढवून खणामागून खण उपसत होते, आणि मास्तरबाई कमरेवर हात ठेवून सगळ्यांना दटावत होत्या, "माझ्या वस्तूला हात कोण लावतं ते एकदा कळू दे मला!" शेवटी माप द्यायला आलेल्या गिऱ्हाइकानेच भीतभीत विचारलं, "बाई, गळ्यात आहे ती वेगळ्या कामाची का?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा तो हाच.

आधीच्या अकरांचंही काही धड नव्हतं. एक टेप एका न्यायाधीशांच्या कोटाच्या अस्तरात शिवली गेली, आणि ते महिनाभर पाठीत काहीतरी वळवळतं म्हणून डॉक्टरांकडे जात राहिले. एक पार्सलला दोरी म्हणून बांधली गेली आणि परगावी पोचली. उरलेल्या नऊ कुठे गेल्या ते त्या टेपांनाच ठाऊक.

दुकान कोट, पँटी आणि गणवेश शिवणारं होतं. आत भिंतीला लागून सहा मशिनं, कोपऱ्यात इस्त्री आणि पुढे खिडकीशी कटिंगचं टेबल. त्या धंद्यात शिवणारे बसतात आणि कापणारा उभा राहतो. जो उभा, तो मास्तर. चौतीस वर्षं त्या टेबलाशी मास्तरबाई उभ्या होत्या. त्यांची कंबर जिथे टेकायची तिथे टेबलाची कड गुळगुळीत होऊन तिला खळगा पडला होता. सुरुवातीला लोक दारातून डोकावून विचारायचे, "मास्तर कुठे गेले?" त्या म्हणायच्या, "गेले नाहीत, आले आहेत. हात वर करा." आणि सरळ माप घ्यायला लागायच्या. नाव पडलं ते तेव्हाच.

आता मालकांची सून दुकानात येऊ लागली होती. सहा महिन्यांचा कोर्स केलेला, त्याचं सर्टिफिकेट चौकटीत घालून आरशाशेजारी टांगलेलं. पोर वाईट नव्हती, घाईत होती. बाराव्या टेपेच्या दिवशी ती सगळ्यांसमक्ष सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, मास्तरबाईंना आता जरा बसून करायचं काम देऊ या. काजं-बटणं बघू देत त्यांना. कटिंगला मी उभी राहते."

मशिनं थांबली. काजं-बटणं! नवख्या पोरीला शिकायला देतात ते काम.

"सूनबाई," मास्तरबाई म्हणाल्या, "तू रांगत होतीस तेव्हा तुझ्या सासऱ्यांच्या लग्नातला जुना कोट मी आल्टर करत होते."

"म्हणूनच म्हणते ना, आता बसा."

मालक मवाळ माणूस. त्यांना सून घरी भेटायची आणि मास्तरबाई दुकानात, त्यामुळे दिवसाचा एकही तास त्यांना निर्धास्त जात नसे. त्यांनी खाकरून निकाल दिला, "असं करू. एक महिना. महिनाभरात टेप हरवली नाही तर टेबल मास्तरबाईंचं. हरवली तर… बघू मग." त्या "बघू मग"मध्ये काय होतं ते इस्त्रीलासुद्धा कळलं.

काजांची मास्तरबाईंना धास्ती होती, त्याला कारण होतं. त्या एकोणीस वर्षांच्या असताना ज्यांच्या हाताखाली शिकल्या त्या मोठ्या बाईंनी एका सावकाराचं माप घेतलं आणि कोट कापायला यांच्याकडे दिला. कोट घट्ट झाला. सावकाराला हात पुढे करून नमस्कारही करता येईना. मोठ्या बाईंनी सगळ्यांपुढे कानउघाडणी केली आणि सहा महिने काजांवर बसवलं. चाळीस वर्षं झाली तरी तो कोट मास्तरबाईंच्या मनातून उतरला नव्हता. आपण कुठे चुकलो ते त्यांना कधी सापडलंच नव्हतं. दुसऱ्याची चूक माणूस विसरतो, स्वतःची न सापडलेली चूक मात्र जन्मभर चाचपत राहतो.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. नवरा घड्याळजी. दुकान बंद करून पाच वर्षं झाली होती, पण अजून डोळ्याला भिंग लावून शेजाऱ्यांची घड्याळं उघडून बसायचा. "टेपेला दोरी बांध," तो मान वर न करता म्हणाला.

"बांधली होती. दोरीसकट गेली."

"मग अंगावर गोंदवूनच घे, म्हणजे सुटलीस."

तो थट्टेत बोलला होता. पण थट्टा कळायला मास्तरबाईंना नेहमीच एक दिवस लागायचा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तर त्या टॅटूवालीच्या दारात उभ्या होत्या.

पूर्वी त्या गाळ्यात छत्र्या दुरुस्त व्हायच्या. छत्रीवाला म्हातारा तोंडात तारा धरून बसायचा. आता तिथे पांढरेशुभ्र दिवे होते, दवाखान्यासारखी खुर्ची होती, आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत चितारलेली एक हसरी मुलगी होती.

"या आजी. कोणाला घेऊन आलात?"

"मलाच आणलंय मी. डाव्या हातावर काढायचंय."

"अरे वा! काय काढू? फूल? पाखरू? आजोबांचं नाव?"

"टेप," असं म्हणून मास्तरबाईंनी पिशवीतून पत्र्याची डबी काढली. दुकानातल्या नव्या टेपेवर त्यांचा विश्वास नव्हता. ही मोठ्या बाईंची टेप होती, त्यांच्या पश्चात मिळालेली. कापडाची, मेणाचा हात दिलेली, पिवळी पडलेली. जुनं ते सोनं. मोठ्या बाईंची शिस्त अशी, की किलोभर वजनाची लोखंडी कात्री याच टेपेच्या टोकाला बांधायची आणि टेप खिळ्याला टांगायची. टेपही सापडते, कात्रीही सापडते. मास्तरबाई शिकायला जाण्याआधीच तीस वर्षं ती जोडी तशी लोंबकळली होती.

"मनगटापासून कोपरापर्यंत नऊ इंच काढ," मास्तरबाई म्हणाल्या. "नऊ इंच म्हणजे पाव वार, हिशेबाला सोपं. अर्ध्या इंचाची रेघ उंच, पावाची बुटकी, सुताची त्याहून बुटकी. एका इंचात आठ सूत, विसरू नकोस. आणि केसाचा फरक पडता कामा नये."

मुलीने पातळ कागदावर रेघ न् रेघ उतरवून घेतली, कागद हातावर दाबला आणि जांभळी छाप उठवली. मास्तरबाईंनी तीन वेळा टेप लावून ताडून पाहिली. तिसऱ्यांदा पास केली.

"आजी, मी वाघ काढलेत, गरुड काढलेत, एकाच्या पाठीवर त्याची मोटरसायकल काढलीय," सुई चालवता चालवता मुलगी म्हणाली. "पण सुतासाठी भांडणारं गिऱ्हाईक पहिलंच."

"घरचे काय म्हणतात तुझ्या हातांना?"

"आईने सहा महिने बोलणं टाकलं होतं. आता बोलते, पण माझ्या कपाळाकडे बघून. मान खाली म्हणून करत नाही. तुमच्या घरी?"

"आमच्याकडे बोलणं टाकणारं कोणी नाही. टाकलं असतं तर बरं झालं असतं अशी एक नणंद आहे."

नणंद शेजारीच राहायची आणि भिंतीतून बातमी यावी तशी लगेच आली.

"वहिनी! काय केलंत हे? या वयात हात रंगवून बसलात? लोक काय म्हणतील?"

"वन्सं, लोक काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. 'कमरेत थोडं सैल ठेवा' म्हणतात."

"दादा, तू तरी बोल ना काहीतरी!"

घड्याळजीने भिंग काढलं, बायकोच्या हाताकडे बघितलं आणि जरा दुखावल्या आवाजात म्हणाला, "गोंदवायचंच होतं तर माझं नाव तरी गोंदवायचं."

"तुमचं कशाला? तुम्ही कुठे हरवता?"

हाताच्या खपल्या पडेपर्यंत आठ दिवस मास्तरबाईंनी रजा घेतली. चौतीस वर्षांतली पहिली रजा. नवव्या दिवशी त्या दुकानात आल्या, बाही कोपरापर्यंत सारली आणि हात टेबलावर आडवा ठेवला. "ही घ्या टेप. हरवून दाखवा."

इस्त्रीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मालकांना हसावं की ओरडावं कळेना, म्हणून ते पाणी प्यायले. सूनबाईचा मात्र चेहरा उतरला. "मास्तरबाई, आपल्याकडे मोठमोठे लोक येतात. असा हात बघून काय वाटेल त्यांना? हे म्हणजे हात दाखवून अवलक्षण! निदान पूर्ण बाही तरी घाला."

हुकूम तो हुकूम. मास्तरबाईंनी पूर्ण बाही शिवली, पण तिला मनगटापासून कोपरापर्यंत एक झडप ठेवली, खाली तीन बटणं. गिऱ्हाईक आलं की टक टक टक बटणं काढायची, झडप उघडायची, माप घ्यायचं, झडप बंद. दुकानाचं शटर उघडावं तसा हात उघडायचा. झाकल्यामुळे तो हात आता सगळे निरखून बघू लागले.

खरी गंमत पुढेच होती. कापडाची टेप माणसाभोवती गुंडाळता येते. हात नऊच इंच. म्हणजे छाती मोजायची तर हात छातीला लावायचा, जिथे नऊ संपले तिथे बोटाने दाबून धरायचं, पुन्हा हात तिथून पुढे लावायचा. असं चार-पाच वेळा, गिऱ्हाइकाभोवती प्रदक्षिणा घालत. हप्त्याहप्त्याने मिठीच ती.

"हात वर. श्वास रोखू नका. कोट काय श्वास रोखून घालणार आहात?"

"बाई, गुदगुल्या होतात."

"होऊ द्यात. हसलात की छाती किती फुगते तेही कळतं."

पहिल्या आठवड्यात लोक बावरले. एक निवृत्त कारकून तर माप अर्धवट टाकून छत्री विसरून पळाला. पण शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या, ताठ मानेने चार हात मापून घेतले, आणि मास्तरबाई म्हणाल्या, "कंबर चौतीस."

"किती?"

"चौतीस."

"गेल्या वर्षी पस्तीस होती!" मुख्याध्यापिकाबाईंनी आरशात एकदा समोरून, एकदा बाजूने पाहिलं. त्यांनी वर्षभर काही सोडलं नव्हतं, काही धरलं नव्हतं. तरी चौतीस! वर कोट शिवून आला तो अंगावर ओतल्यासारखा बसला.

झालं. बातमीला पाय फुटले. अमक्याची अडतीसची सदतीस झाली, तमकीची एकतीसची तीस. ज्यांना त्या हाताकडे बघून नाक मुरडायचं होतं त्यांनी आधी माप देऊन मग मुरडायचं ठरवलं, आणि माप दिल्यावर मुरडायचं राहूनच गेलं. बेकरीवाला तीन वर्षं आपलं पोट टेपेपासून लपवत होता, तोही आला. पोस्टातल्या बाई दर आठवड्याला नुसत्याच मापून घ्यायला येऊ लागल्या. मालकांनीही एकदा संकोचत हात वर केले, एक इंच कमी भरले, आणि त्या दिवसापासून त्यांनी चहात पुन्हा साखर सुरू केली.

सूनबाई हे सगळं बघून धुमसत होती. "लोक येतात ते हात बघायला," ती म्हणायची. "जत्रेत येतात तसे. कटिंग कोणाचं बरं ते कुठे ठरतंय यात?"

"मग ठरवू," मालक म्हणाले. नगराच्या बँडचं काम आलं होतं. बावीस जणांचे बावीस कोट, आणि मिरवणूक आठ दिवसांवर. "मापं मास्तरबाई घेतील. अकरा कोट त्या कापतील, अकरा तू काप. जिचे बरे बसतील, तिचं टेबल. म्हणजे माझ्या मागची कटकट गेली."

बँडमध्ये अकरा बडवणारे होते आणि अकरा फुंकणारे. ढोल-ताशे-झांजावाले मास्तरबाईंच्या वाट्याला आले. ट्रम्पेट, क्लॅरिनेट वगैरे सूनबाईच्या. मास्तरबाईंनी हातावर मापलं आणि हातावरच कापलं. सूनबाईने वहीतली मापं पाहून आपल्या नव्या कोऱ्या टेपेने कापलं. कापताना ती श्वास घेत नव्हती, एवढी मन लावून कापत होती. मास्तरबाईंनी तिरक्या डोळ्याने पाहिलं आणि मनात कबूल केलं: हात चांगला आहे पोरीचा.

तालमीच्या हॉलमध्ये कोट घालून बघायचं ठरलं. बडवणाऱ्यांनी कोट चढवले, खांदे फिरवले, "मस्त!" म्हणाले. फुंकणाऱ्यांनी चढवले आणि बटणं कशीबशी लावली. बँडमास्तरने छडी उचलली. "एक, दोन, वाजवा!"

ढोल कडाडले. ताशे तडतडले. आणि ज्या बाजूने सूर यायचे तिथून किटली तापावी तशी बारीक शिट्टी आली. अकराच्या अकरा माणसं लालबुंद होऊन डोळे वटारून उभी होती. त्यांच्या छातीत हवा शिरायला जागाच नव्हती.

"फुंका!" बँडमास्तर गरजला.

सगळ्यात धिप्पाड ट्रॉम्बोनवाल्याने इमानदारीने दम घेतला. त्याच्या कोटाचं मधलं बटण बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं आणि समोरच्या झांजेवर आपटलं. टण्! त्या दिवशी ताल बरोबर पडला तो तेवढाच.

"घट्ट," बँडमास्तर म्हणाला. "अकराच्या अकरा घट्ट. हे कोणी कापले?"

सूनबाईने हात वर केला. तिने कोटांची मापं पुन्हा घेतली, वही पाहिली, टेप पाहिली. सगळं बरोबर होतं आणि सगळं घट्ट होतं. दुकानात आल्यावर मालकांनी सर्टिफिकेट भिंतीवरून काढलं नाही, पण नजर तिकडे गेलीच. "सूनबाई, काही दिवस काजं बघ," ते हळूच म्हणाले. "टेबल मास्तरबाईंचं. अकरा कोट कसे दुरुस्त करायचे ते त्या बघतील."

टेबल राहिलं. मास्तरबाई जिंकल्या. घरी जाताना त्यांनी चालता चालता गुणगुणल्यासारखंही केलं.

घड्याळजी दिव्याखाली बसला होता. "आण इकडे तो विजयी हात," तो म्हणाला. कौतुकाने त्याने भिंग लावलं, आणि सवयीने आपली पोलादी पट्टी हाताला लावली. मग पट्टी काढली, पुसली आणि पुन्हा लावली.

"काय झालं?"

"अगं, तुझा इंच मोठा आहे."

"म्हणजे?"

"नऊ इंच म्हणतेस ते सव्वानऊ आहेत. दोन सूत जास्त."

"तुमची पट्टी चुकत असेल."

"पट्टी पोलादाची आहे. हात तुझा आहे."

डबीतली टेप काढली. तीही सव्वानऊ. आणि मास्तरबाईंच्या डोळ्यांपुढे तो खिळा आला, ती लोंबकळणारी टेप आणि टोकाला किलोभराची कात्री. तीस वर्षं! कापडच ते, रोज केसभर ताणलं गेलं असणार. नऊ इंचांना दोन सूत, छत्तीसला पुरा एक इंच. कोणीही बारीक झालं नव्हतं. इंचच लठ्ठ झाला होता. आपणच मापलं आणि आपणच कापलं की चूक चुकीला खाऊन टाकते आणि कोट झकास बसतो. पण मापलं एकीने आणि कापलं दुसरीने…

"सावकाराचा कोट!" त्या एकदम ओरडल्या. घड्याळजीच्या हातून भिंग पडलं. "अहो, सावकाराचा कोट! मोठ्या बाईंनी या टेपेने मापलं होतं आणि मी माझ्या टेपेने कापलं होतं! मी चुकलेच नव्हते हो!"

चाळीस वर्षांचा काटा निघाला. त्या हसल्या, पदराने डोळे पुसले, पुन्हा हसल्या. आणि मग हसू थांबलं. कारण दुकानात आणखी एक पोर न केलेल्या चुकीसाठी काजांवर बसली होती.

"कोणाला सांगू नकोस," घड्याळजी म्हणाला. "मी तरी कुठे सगळ्यांना सांगत फिरतो, तुमची घड्याळं मागे आहेत म्हणून? सांगितलंस तर टेबल जाईल."

"जाईल खरं," मास्तरबाई म्हणाल्या, आणि त्या रात्री त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं.

सकाळी दुकानात सूनबाई कोपऱ्यात पाठमोरी बसून काजं करत होती. नाक लाल, काजं वाकडी. मास्तरबाई सरळ टेबलापाशी गेल्या. टक टक टक बटणं काढली, झडप उघडली, हात टेबलावर ठेवला आणि शेजारी सूनबाईची नवी टेप ताणून धरली.

"मालक, इकडे या. सूनबाई, तूही ये. बघा नीट."

मालकांनी चष्मा काढून पाहिलं, लावून पाहिलं. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर दुःख पसरलं.

"म्हणजे मी… बारीक झालेलो नाही?"

"नाही."

"पण मी रोज दोन दोन चमचे साखर…"

"मग बारीक तर नक्कीच नाही."

सूनबाईच्या डोक्यात वेगळाच हिशेब चालला होता. "म्हणजे माझं कटिंग बरोबर होतं?"

"सुतासूत बरोबर. चूक माझ्या हातात होती. टेप हरवली नाही मी, पण इंच हरवून बसले." मास्तरबाईंनी कात्री उचलली आणि मुठीकडून तिच्यापुढे धरली. "टेबल तुझं आहे. घे."

सूनबाईने कात्री घेतली. मग तिला काय झालं कोण जाणे, ती फस्सकन हसली. "ट्रॉम्बोनवाल्याचं बटण!" ती म्हणाली, आणि मास्तरबाईही फुटल्या, आणि सहा मशिनं आणि इस्त्रीवाला सगळेच. एकटे मालक तेवढे पोट आत ओढून उभे होते.

अकरा कोटांना दोघींनी मिळून काखेपासून खालपर्यंत लाल पट्टी घातली. ते इतके रुबाबदार दिसले, की बडवणारे रुसले आणि त्यांनाही पट्टी घालावी लागली.

नवीन कारभार मात्र दुपारपर्यंतच टिकला. मुख्याध्यापिकाबाई दुसऱ्या कोटाला आल्या. सूनबाईने खऱ्या टेपेने माप घेतलं. "पस्तीस."

"काय म्हणालीस?"

"पस्तीस, बाई."

"तुझी टेप बिघडली आहे. ती हातवाली कुठे आहे? तिला बोलाव."

मग पोस्टातल्या बाई आल्या. मग बेकरीवाला. बेकरीवाल्याने तर आकडा ऐकून खुर्चीच धरली. "महिन्याभरात दीड इंच? मी काल फक्त एक पाव खाल्ला हो!" चार वाजेपर्यंत पाच गिऱ्हाइकं कापड परत घेऊन गेली आणि दोघांनी जाताना सांगितलं, की या पोरीच्या हाताला गुण नाही.

मालक दार लावून घेऊन कुजबुजले, "मास्तरबाई, कोणाला काही बोलू नका. कपडे बसतात ना अंगाला? मग इंच कुठला का असेना. आपल्या दुकानाचा इंच हाच." आणि त्यांनी हळूच विचारलं, "मग मी त्या इंचात…?"

"त्या इंचात तुम्ही बारीक आहात, मालक."

"बरं."

सूनबाई टेबलाशी उभी राहून आपल्या नव्या टेपेकडे बघत होती. तिने ती गुंडाळली आणि खणात ठेवली. "मास्तरबाई," ती म्हणाली, "मापाला तुमचा हात, कटिंगला माझी टेप, हे नाही जमायचं. पुन्हा बटणं उडतील. ती टॅटूवाली कुठे बसते?"

"तू? आणि मोठमोठ्या लोकांना काय वाटेल?"

"मोठमोठे लोकच तर मागतायत ना तुमचा हात!" ती चिडून म्हणाली. "आणि टेबल केवढं लांब आहे. दोघी उभ्या राहिल्या म्हणून काही मोडत नाही. खिडकीकडची बाजू तुमची, मला उन्हात डोळे दुखतात."

खिडकीत ऊन दिवसातून अर्धा तास यायचं. मास्तरबाईंनी ते सांगितलं नाही. त्यांनी पिशवी उचलली.

टॅटूवालीने दोघींचे हात शेजारी ठेवले आणि मास्तरबाईंच्या हातावरून कागद उतरवून घेतला. सूनबाईचा हात आखूड निघाला. साडेआठ इंचांतच कोपर आलं.

"अर्धा इंच कुठे घालू?" मुलीने विचारलं.

"तळहातावर येऊ दे," मास्तरबाई म्हणाल्या. "मापात काटछाट नको."

सूनबाईने खुर्चीचा दांडा घट्ट धरला, डोळे मिटले, एक उघडला. "मास्तरबाई, दुखतं का हो फार?"

"छे गं. इंचभर."

"आपला की खरा?"

मास्तरबाई विचार करत होत्या, तेवढ्यात सुई सुरू झाली. सूनबाईने अशी काही आरोळी ठोकली, की पलीकडच्या गाळ्यातला माणूस हातातलं काम टाकून धावत आला. सुई अजून टेकलीच नव्हती.